डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नसलेली वस्तू

६ नोव्हेंबर २०२१ हा शनिवार होता आणि त्या दिवशी भाऊबीज होती. सकाळी अकराच्या सुमारास नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. दुसरी लाट ओसरली होती, बाजारपेठ दोन वर्षांनी गजबजली होती. लोक एकमेकांकडे जाऊ लागले होते. आम्ही नगरकर त्या दुपारी एकमेकांना फोन करून विचारत होतो, ‘आपलं कुणी होतं का तिथं?’ जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. भाऊबीज आली की त्या दुपारचे फोन मात्र अजून आठवतात.

त्या वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली होती. कक्षात १७ बाळे होती. त्यातली सात वाचली, दहा गेली. साऱ्या महाराष्ट्राला त्या दिवशी घास गोड लागला नाही. राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचे आणि वीजजोडणीचे परीक्षण करण्याचे आदेश निघाले. भंडाऱ्याची पहाट आणि नगरची भाऊबीज यांच्यामध्ये ३०१ दिवस आहेत, आणि ते दिवसही कोरे गेले नाहीत. मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधले रुग्णालय जळले. एप्रिलमध्ये नागपूरजवळ वाडी, मग विरार, मग मुंब्रा. विरारच्या अतिदक्षता विभागात १५ जण गेले. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर झाली, मदत जाहीर झाली, आणि परीक्षणाचा आदेश पुन्हा निघाला.

थोडे आणखी मागे जाऊ. नोव्हेंबर २०२० मध्ये राजकोटच्या कोविड रुग्णालयात आग लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली होती. १८ डिसेंबर २०२० च्या आदेशात न्यायालयाने सांगितले की प्रत्येक कोविड रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा, जिल्ह्याजिल्ह्यात समिती करावी, त्या समितीने महिन्यातून किमान एकदा रुग्णालय तपासावे आणि सापडलेल्या त्रुटी व्यवस्थापनाला कळवाव्यात. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगायचे? नगरला आग लागली तेव्हा हा आदेश साडेदहा महिन्यांचा झाला होता.

म्हणून ‘आपल्याला ठाऊक नव्हते’ हे वाक्य मला इथे मान्य करता येत नाही. ठाऊक होते. मार्गदर्शक सूचना होत्या, कायदा होता, निकाल होता, पाच-सहा जळालेली रुग्णालये होती. मग ठाऊक असलेली गोष्ट त्या विभागाच्या दारापर्यंत का पोचली नाही? या लेखात मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे.

आधी ते ‘ठाऊक’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो २३-२४ टक्क्यांपर्यंत चढला तरी एरवी धुमसणारी वस्तू भडकून पेटते. कोविडच्या काळात नाकावाटे जोराच्या प्रवाहाने प्राणवायू देणारी यंत्रे आली. त्यांतली काही एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह देतात. त्यातला बराच प्राणवायू खोलीतच पसरतो. खिडक्या बंद, वातानुकूलन यंत्रे चोवीस तास चालू, एकेका खाटेशी व्हेंटिलेटर, मॉनिटर, पंप. वायरिंग पुष्कळदा जुन्या हिशेबाने केलेले असते. एखादा स्क्रू सैल होतो, तिथे तार तापते, वरचे आवरण वितळते. पडदे, गाद्या, प्लास्टिकच्या नळ्या हाताशीच असतात. आणि खाटेवरचा माणूस यंत्राला जोडलेला असतो, त्याला उठून पळता येत नाही. नगरला नेमकी कुठली तार तापली हे इथे बसून सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण अशा खोलीत धोका कसा साठतो हे सांगायला नवे संशोधन लागत नव्हते. इमारतीच्या वायरमनने ते सांगितले असते. रात्रपाळीच्या सिस्टरनेही सांगितले असते, कारण बोर्ड गरम लागतो, जळका वास येतो, हे सगळ्यात आधी तिलाच कळते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण लहानपणापासून ऐकतो. या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. पुढचा आणि मागचा एकाच वाटेवर चालत असावेत, आणि पुढच्याची ठेच मागच्याला दिसावी. पायवाटेवर हे होते. खात्यात, कारखान्यात, कचेरीत पुढच्याची बदली झालेली असते. ठेच लागली ती भंडाऱ्याला, आणि मागचा चालत होता नगरला. दोघांच्या मध्ये संचालनालय, मंत्रालय, टपाल, परिपत्रके. ठेच दिसली नाही, ठेचेविषयीचा कागद तेवढा आला.

आणि कागदाचा प्रवास आपल्याकडे ठरलेला आहे. परीक्षण झाले की त्रुटींची यादी होते. तिच्यावरून अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निधीची मागणी, मग स्मरणपत्र. रुग्णालय आरोग्य खात्याचे, इमारत आणि तिच्यातली वीज सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, अग्निशमन महापालिकेकडे. एकाच भिंतीतली एकच वायर तीन कार्यालयांच्या आवक-जावक नोंदवहीत तीन वेगवेगळ्या क्रमांकांनी राहते. नगरच्या आगीनंतर त्या दिवसांच्या बातम्यांत हेच आले की परीक्षण झाले होते, पण सुचवलेली यंत्रणा पुरती बसलेली नव्हती. मला यातली अत्यंत वेदनादायक गोष्ट ही वाटते की या साखळीतला प्रत्येक माणूस आपले काम केल्याचा पुरावा दाखवू शकतो. ज्याने तपासले त्याने कळवले. ज्याला कळवले त्याने प्रस्ताव पाठवला. ज्याच्याकडे प्रस्ताव आला त्याने शेरा मारला. कागद वर वर गेला आणि धोका होता तिथेच खाली राहिला.

माणसे बेफिकीर असतात म्हणून चुका पुन्हा होतात, असे आपण सहज म्हणतो. मी ते मानत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टर-नर्सेसनी जे काम केले ते बेफिकीर माणसांचे काम नव्हते. माझे म्हणणे असे आहे की अहवाल लिहिणे म्हणजेच शिकणे, अशी आपल्या संस्थांची प्रामाणिक समजूत झाली आहे. अहवाल सादर झाला की विषय निकाली निघतो. ‘निकाली’ हा आपल्या कचेऱ्यांचा आवडता शब्द आहे. प्रकरण निकाली निघते, तार तापायची थांबत नाही. आणि खर्चाचा क्रम लावताना वायरिंग नेहमी मागे पडते, कारण ते भिंतीच्या आत असते. नव्या कक्षाची फीत कापता येते. बदललेल्या वायरिंगचे उद्घाटन कुणी करत नाही, आणि जी आग लागलीच नाही तिचे श्रेय कुणाला देता येत नाही.

बदली होऊन एका कार्यालयात रुजू झालो तेव्हाची गोष्ट सांगतो. चार्ज घ्यायला दोन दिवस लागले. डेडस्टॉक रजिस्टर समोर ठेवून आम्ही टेबले मोजली, कपाटे मोजली, मोडक्या खुर्च्या वेगळ्या मोजल्या. एक भिंतीवरचे घड्याळ सापडेना, त्यासाठी अर्धा तास गेला. शेवटी दोघांच्या सह्या झाल्या. जुलैत मोठा पाऊस झाला आणि मागच्या खोलीतल्या मुख्य बोर्डातून ठिणग्या उडाल्या. शिपायाने धावत जाऊन खटका पाडला. नंतर तो म्हणाला, ‘साहेब, दर पावसाळ्यात होतं हे. भिंतीतून ओल येते ना. मागच्या साहेबांना सांगितलं होतं, त्यांच्या मागच्यांनाही.’ मागच्या साहेबांनी दुरुस्तीचे पत्र पाठवलेलेही होते, फायलीत त्याची प्रत मिळाली. माझ्याकडे घड्याळाचा हिशेब आला होता, बोर्डाचा आला नव्हता. त्या रजिस्टरमध्ये सरकारच्या मालकीची प्रत्येक वस्तू होती. सगळ्यांत महागडी वस्तू, म्हणजे त्या जागेवर आजवर काय काय घडले याची माहिती, तेवढी नव्हती. ती शिपायाजवळ होती, आणि चार्ज देण्याघेण्यात शिपायाला कुणी बोलावत नाही.

ट्रेव्हर क्लेट्झ नावाचे ब्रिटिश रसायन-अभियंते होते. आयसीआय या कंपनीत त्यांनी सुरक्षिततेचे काम केले आणि पुढे आयुष्यभर अपघातांवर लिहिले. संस्थांना स्मरणशक्ती नसते, ती फक्त माणसांना असते, आणि माणसे निघून जातात, हा त्यांच्या १९९३ च्या पुस्तकाचा विषय आहे. त्यांची पुस्तके वाचताना जाणवते की तोच व्हॉल्व्ह, तीच टाकी, तीच चूक काही वर्षांनी नव्या माणसांच्या हातून पुन्हा होते, बहुधा त्याच कारखान्यात.

आता शिक्षेविषयी, कारण इथे आपण फार मोठी गल्लत करतो. नगरच्या आगीनंतर दोन-तीन दिवसांत निलंबने झाली. पुढे एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना अटक झाली. परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर आल्या. इमारतीचे वायरिंग आमच्या हातात कधी होते, असा त्यांचा सवाल होता. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्या संतापाला मी कुठल्या तोंडाने चूक म्हणू? कुणीतरी उत्तर द्यायलाच हवे. कर्तव्याच्या वेळी कोण कुठे होते हे न्यायालयाने तपासावे. पण ज्या क्षणी सगळ्यात खालच्या पायरीवरचे हात बेड्यांत दिसतात, त्या क्षणी राज्यातल्या प्रत्येक वॉर्डातली सिस्टर एक गोष्ट शिकते. ती अशी की वास आला, बोर्ड तापला, तर ते आपल्या नावाने लिहून ठेवू नये. उद्या तेच विचारतील, तुला ठाऊक होते ना, मग तू काय केलेस? म्हणजे जिला पहिल्यांदा कळते तिचेच तोंड आपण बंद करतो, आणि पुढच्या आगीची माहिती आधीच पुसून टाकतो.

याबाबत मला शिवाजी महाराजांचे एक पत्र नेहमी आठवते. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना ते लिहिलेले आहे. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्याच पत्रात आगीविषयीचा जो भाग आहे, तो आज प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लावावा असा आहे. आग कशी लागेल ते महाराज टप्प्याटप्प्याने सांगतात. कुणी गवताजवळ चूल पेटवेल, कुणी वारा न बघता चिलमीचा विस्तव घेईल. रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. मग गवत पेटेल, आणि एका गंजीला आग लागली की सगळ्या जातील. घोडी जगणार नाहीत. पुढचा मुद्दा तर थेट आपल्यासाठीच आहे. एकदा जळून गेल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या, कारकुनांना कितीही ताकीद दिली, तरी एक खणसुद्धा परत उभा राहणार नाही, असे महाराज स्पष्ट सांगतात. आणि हे सगळ्यांना कळतेच, असेही म्हणतात. कळते तरीही लिहितात, कारण कळणे पुरेसे नसते हे त्यांना माहीत आहे. पत्र वरच्या सुभेदारापाशी थांबत नाही. जो घोड्यांपाशी राहतो, जो रात्री दिवा लावतो, त्याच्यासाठी ते आहे. ‘अग्निसुरक्षेबाबत योग्य ती दक्षता घ्यावी’ असे त्यात नाही. त्यात उंदीर आहे, वात आहे, चिलीम आहे.

आपल्या परिपत्रकांत उंदीर कुठे असतो? ‘योग्य ती कार्यवाही करावी व अनुपालन अहवाल सादर करावा’ हे वाक्य भंडाऱ्याला लागू, नगरला लागू, धान्याच्या गोदामाला लागू. जे सगळीकडे लागू पडते ते कुणाच्याच हाताला काही सांगत नाही.

ठेच दिसावी यासाठी वाट मुद्दाम बांधावी लागते. अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना माउंट वेदर या डोंगरावर आदळले. त्यातले सगळे ९२ जण मेले. चौकशीत कळले की सहाच आठवडे आधी युनायटेड कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, नियंत्रकाच्या त्याच संदेशाचा तसाच अर्थ लावून खाली आले होते आणि थोडक्यात बचावले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचले नाही. तिथून १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ कुणीही आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात लिहून कळवू शकतो. ते पत्र परवाना देणाऱ्या किंवा दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाही, नासाकडे जाते. तिथे लिहिणाऱ्याची ओळख काढून टाकतात आणि त्यातला धडा सगळ्या कंपन्यांना देतात. कळवणाऱ्याला भीती नाही आणि कळलेले एका घरात अडकत नाही, एवढ्या दोन गोष्टी साधल्या. आपल्या देशातही याची जाण जुनी आहे. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. आपल्याच घराची चौकशी आपणच करू नये, हे तिथे मान्य झाले आहे. रुग्णालयांना मात्र असे काहीही नाही. विरारला तापलेल्या यंत्राची हकिकत नगरच्या वायरमनपर्यंत नेणे, हे कुणाच्याच नेमणूकपत्रात लिहिलेले नाही.

आपल्याच जिल्ह्यात दुसरीही उदाहरणे आहेत. नगर तालुक्यातले हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे लोक झाडे आणि बंधारे पाहून परततात. मला तिथली वही महत्त्वाची वाटते. पाऊस किती पडला हे गाव मोजते, विहिरींची पातळी मोजते आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला निघते, मग उरलेल्यात कुठली पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, ही बंधने गावाने स्वतःवर घातली. त्या आधीच्या दुष्काळांत उपसा करून विहिरी कशा कोरड्या पडल्या आणि माणसे गाव सोडून कशी गेली, हे तिथल्या वडीलधाऱ्यांनी भोगले होते. ती आठवण त्यांनी भाषणात ठेवली नाही, नियमात घातली आणि नियमाला एक तारीख दिली. आकडा मोजतो तो गाव, आकड्यावरून ठरवतो तो गाव, आणि ठरल्यावर बाजरी की कांदा हे ज्याच्या शेतात उगवणार तो त्याच सभेत बसलेला असतो. माहिती आणि हात यांच्यामध्ये तिथे अंतरच ठेवलेले नाही.

तुम्ही म्हणाल, गाव लहान आहे, खाते मोठे असते. मग अकोले तालुक्यातले भंडारदरा घ्या. प्रवरेवरचे हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. १९६९ मध्ये त्याच्या भिंतीला तडे आणि वाढती गळती दिसली. पानशेत फुटून तेव्हा आठच वर्षे झाली होती. पाटबंधाऱ्याच्या माणसांच्या डोळ्यांसमोरून १२ जुलै १९६१ गेला नव्हता. भंडारदऱ्याची गळती कुणी ‘निकाली’ काढली नाही. भिंतीला मागून आधार बांधले, धरण बळकट केले, आणि आज शंभर वर्षे होत आली तरी ते उभे आहे. मग २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करण्याची पद्धत राज्यात आहे, नाशिकला धरण सुरक्षिततेची स्वतंत्र संघटना आहे, नियमपुस्तके आहेत. भंडारदऱ्याला जी भीती ताजी होती ती तिवऱ्यापर्यंत येता येता विझली होती. पानशेत पाहिलेली माणसे केव्हाच निवृत्त झाली होती, आणि त्यांची भीती चार्जच्या यादीत कुणी नोंदवली नव्हती.

मी हा लेख लिहायला बसलो ते एका छोट्या मागणीसाठी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावे लागते. त्याला प्रपत्र ‘ब’ म्हणतात. त्यावर संस्थेची सही असते. माझी मागणी अशी की रुग्णालयाच्या बाबतीत त्यासोबत आणखी एक पान जोडावे. त्या पानावर त्या विभागातल्या रात्रपाळीच्या सिस्टरने, वॉर्डबॉयने आणि वायरमनने आपल्या भाषेत लिहावे. गेल्या सहा महिन्यांत कुठला बोर्ड गरम लागला, कुठला वास आला, कुठले दार गाद्यांच्या ढिगाने अडले आहे, पहाटे दोन वाजता धूर झाला तर पहिल्या खाटेवरच्या माणसाला कोण आणि कुठून बाहेर काढणार. त्या पानावरून कुणावरही कारवाई होणार नाही, हे त्याच पानावर वर छापावे. आणि अधिकारी बदलला की चार्ज घेताना डेडस्टॉकच्या आधी हे पान दोघांनी मोठ्याने वाचावे, ती सिस्टर आणि तो वायरमन समोर असताना.

दिवाळी झाली की दोन महिन्यांत जानेवारी येतो.